दाराजवळची मीरा

१४ जानेवारी, मंगळवार

तिळगूळ घ्यायला मी गेले नाही, तर बेबीताई स्वतःच वाटी घेऊन आल्या. दारातच सांगितलं, या वर्षी आमच्याकडे सण नाही. घरात माणूस गेलं आहे.

"कोण गेलं?" – खरंच असं विचारलं! मग आठवलं. "अगं, मीराचं काहून पाळून राहिली तू? सव्वा महिना तर कधीच होऊन गेला. ती काय संसारी बाई होती का! सुटली बिचारी. तू पण सुटलीस."

वाटी ठेवूनच गेल्या. बेबीताई वाईट नाहीत. समोरच राहतात, आजारपणात पहिल्या धावून येतात. आणि त्या एकट्या थोड्याच! नोव्हेंबरपासून जो भेटतो तो हेच म्हणतो. कोपऱ्यावरचा किराणावाला हसून म्हणाला, "भाभीजी, अब तो तीरथ कर आइए." पेढे मागायचे तेवढे बाकी ठेवलेत.

मीरा माझी नणंद. ह्यांची धाकटी बहीण. एकसष्ट वर्षांची होती, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. लहानपणी मेंदूज्वर झाला आणि बुद्धी तिथेच थांबली. मी लग्न होऊन वर्ध्याहून इकडे हिंदी मुलखात आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी तिची फणी माझ्या हातात दिली. तेव्हापासून आंघोळ, वेणी, नखं, जेवण – सगळं माझ्याकडे. एकतीस वर्षं.

तिच्याबद्दल कुठे काही लिहिलेलं नाही. वर्तमानपत्रातही दिलं नव्हतं. हे म्हणाले, "कोणाला कळवायचं?" म्हणून इथे लिहून ठेवते.

१७ जानेवारी

बाथरूममधलं तिचं स्टूल घासलं, उन्हात ठेवलं, संध्याकाळी आत आणलं. कशासाठी?

१९ जानेवारी, रविवार

इथल्या मराठी मंडळात बैठक होती. हे म्हणाले चल, म्हणून गेले.

भय्यासाहेबांची पुतणी चिन्मयी आली आहे. भय्यासाहेब म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, त्यांच्या शब्दाशिवाय इथे पान हलत नाही. चिन्मयी चित्रकला शिकली आहे, बडोद्याला. सध्या भेडाघाटच्या मूर्तीवाल्यांसोबत काम करते. केस आखूड, मराठी अर्धी हिंदी, पण मुलगी सरळ आहे. तिला मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्या घरांना घेऊन एक काम करायचं आहे. मूर्तीवाल्यांकडे संगमरवराची भुकटी पडलेली असते. त्या भुकटीनं फरशीवर माणसं काढायची. खऱ्या माणसाएवढी. घरटी एक.

"कोणतं माणूस?" कुणीतरी विचारलं.

"असं माणूस द्या, जिसकी कीमत किसी ने नहीं की. बाहेरच्यांनी नाही, आणि कदाचित घरच्यांनी पण नाही," ती म्हणाली.

मग भाऊराव उठले. म्हणाले, माझं स्वतःचंच नाव लिही. डेप्युटी कलेक्टर म्हणून रिटायर केलं, कलेक्टर केलं नाही. किंमतच केली नाही! कुणी हसलं नाही. उलट माना डोलावल्या. मग सुरूच झालं. कुणाचे आजोबा, ज्यांच्या नावानं चौक व्हायला हवा होता. कुणाचे काका, ज्यांना पुरस्कार मिळता मिळता राहिला. चिन्मयी लिहून घेत होती, पण तिचा चेहरा पडत चालला होता.

माझा हात वर जात होता. खरंच जात होता. तेवढ्यात भय्यासाहेब ह्यांना म्हणाले, "शालिग्राम, तुमच्याकडून आप्पासाहेब! त्यात विचारायचं काय! या हॉलची वीट न् वीट त्यांनी उभी केली." आप्पासाहेब म्हणजे माझे सासरे. ह्यांनी लगेच हो म्हटलं. मी हात खाली घेतला, पदर नीट केला.

२० जानेवारी

अपूर्वचा पुण्याहून फोन. "आई, अब तू फ्री आहेस. इकडे ये ना दोन-तीन महिने. सानूला पण आजी हवी." येते म्हटलं. फ्री!

फोन ठेवताना म्हणाला, "आत्याचा रूम रिकामा करून टाक. पापांना तिथे ऑफिससारखं करून दे."

२२ जानेवारी

ह्यांना आज विचारलं. जेवण झालं होतं, टीव्ही चालू होता.

"आप्पांच्या ऐवजी मीराचं नाव देऊ या का?"

टीव्हीकडेच बघत म्हणाले, "तिनं काय केलं?"

"म्हणजे?"

"अगं, खाली दोन ओळी लिहायच्या आहेत. त्या माणसानं काय केलं. आप्पांचं मी सांगू शकतो. रेल्वेत हेड क्लार्क, मंडळाचे संस्थापक, अठरा वर्षं कोषाध्यक्ष. मीराचं काय लिहिशील? सांग ना. मी नाही म्हणून नाही राहिलो. सांग."

रागानं नाही विचारलं. खरंच विचारलं. मी आत जाऊन भांडी लावत बसले. काय केलं तिनं? मटार सोलायची, पण निम्मे खाऊन टाकायची. कुकरची शिट्टी झाली की टाळी वाजवायची. माझं डोकं दुखत असलं की जवळ येऊन माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसायची – कसं कळायचं तिला कोण जाणे. "वयनी, वयनी" म्हणत दिवसभर मागे. या घरात मला दुसरं कुणीही दिवसातून इतक्या वेळा हाक मारत नाही.

यातलं काय लिहिणार दोन ओळींत.

आणि हेही खरं, की पाहुणे आले की तिला मागच्या खोलीत बसवायचो. सासूबाईंची पद्धत. पुढे माझीही तीच झाली. अपूर्वच्या लग्नात ती तीन दिवस शेजारच्या मोलकरणीजवळ होती. फोटोत नाही.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळी हॉलवर. आज आप्पांची पाळी. जिवंत असेल तो स्वतः आडवा होतो, चिन्मयी त्याच्या कडेनं मुठीतून भुकटी सोडत जाते. माणूस उठला की फरशीवर त्याचा आकार उरतो. गेलेला असेल तर त्याच्या अंगकाठीचं घरचं कुणी आडवं होतं. आप्पांसाठी हे झोपले. घड्याळ काढलं, चष्मा माझ्याकडे दिला, हात सरळ, डोळे मिटलेले. चिन्मयी वाकून डोक्याभोवती पांढरं सोडत होती.

मला बघवेना. खिडकीतून बाहेरच्या ऑटो बघत राहिले.

काम झाल्यावर ह्यांना भय्यासाहेबांनी चहाला नेलं. मी मागे राहिले. चिन्मयी हात धुऊन आली तेव्हा कसंबसं बोलले – माझी एक नणंद होती.

सगळं ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "काकू, मी हेच मागून राहिली होती ना सगळ्यांना! नियम माझा आहे, मीच तोडते. तुमच्या घराची दोन."

पण मीरासाठी आडवं कोण होणार? ती अगदी लहानखुरी, माझ्या खांद्याला लागायची. "तुम्हीच काढा," चिन्मयी म्हणाली. मी म्हटलं मला रांगोळीसुद्धा धड येत नाही. तर तिनं माझी मूठ धरून भुकटी कशी सोडायची ते दाखवलं आणि पलीकडे जाऊन बसली.

जागा एकच उरली होती, दाराजवळ, पाण्याच्या माठाशेजारी. मी खाली बसले. सुरुवात पाठीपासून केली. साबण लावताना तिथूनच करायची. डावा खांदा उजव्यापेक्षा वर. मान आखूड. मग लक्षात आलं की सगळ्यांसारखी उताणी काढली तर ती मीरा नव्हेच. ती कुशीवर झोपायची, गुडघे पोटाशी, हात गालाखाली. तशीच काढली. डावा पाय आत वळलेला, तोही. एकदाही पुसावं लागलं नाही. संपलं तेव्हा गुडघे धरले होते, उठता येईना.

बाकी सगळे सरळ, छाती वर. ही एवढीशी, बाकीच्यांच्या निम्म्यात मावणारी.

"खाली काय लिहू, काकू?"

"मीरा."

"बस?"

"बस."

ह्यांना सांगितलं नाही. उद्या दिसेलच.

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं आणि हॉल उघडला. खूप लोक आले. चिन्मयी दारात टोपली घेऊन उभी, प्रत्येकाला एकच झेंडूचं फूल. ज्याचं मोल तुम्हाला वाटतं त्याच्या आकारात ठेवा. एकच. तिनं हिंदीतही सांगितलं, मराठीतही.

आधी पाहुणे गेले, मग पदाधिकारी. भाऊराव आपल्याच आकृतीशेजारी खुर्ची टाकून बसले होते, येणाऱ्याला नमस्कार करत! अर्ध्या तासात आप्पांची छाती दिसेनाशी झाली, इतकी फुलं. ह्यांचा चेहरा उजळला होता. पुष्कळ दिवसांनी पाहिलं तसं.

मीराकडे कुणी गेलं नाही. तिथे काही आहे हेच कळत नव्हतं. एका बाईनं मुलाला म्हटलं, "ये क्या है, बिल्ली है क्या?"

मी फूल घेऊन माठाकडेच निघाले होते. चार पावलं उरली होती.

"अहो वहिनी! हातात धरून काय उभ्या राहिल्या? सासऱ्यांना नाही वाहत?" भय्यासाहेबांचा आवाज. सगळे वळले. फोटोवाला वळला. हे आप्पांच्या पायाशी उभे राहून माझ्याकडे बघत होते. "या, या, सूनबाईंचा फोटो पाहिजेच!"

मी गेले. वाकले. ठेवलं. फोटो निघाला. पदरही घेतला होता डोक्यावर.

मग चहा आला. चहाचं टेबल कुणी लावलं कोण जाणे, अगदी दाराशी, माठाजवळ. लोक कप घेऊन उभे राहिले, गप्पा मारत. कुणी मुद्दाम केलं नाही. जागाच तेवढी होती. मी पाहिलं तेव्हा मीराच्या गुडघ्यांवर कुणाचे तरी काळे बूट होते. नंतर डोकंही गेलं.

ह्यांनी खालचं नाव वाचलेलं मी बघितलं. वाचलं. कप ठेवला. बाहेर जाऊन स्कूटरजवळ उभे राहिले.

२७ जानेवारी

कुणी जबरदस्ती केली नव्हती. नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. भय्यासाहेब हसले असते.

मीही तिथेच ठेवलं.

२९ जानेवारी, बुधवार

आज सगळं आवरायचं होतं. चिन्मयीनं आधीच ठरवलं होतं – सगळी भुकटी एकत्र झाडायची, एका ढिगात, आणि भेडाघाटला जिथला दगड तिथे नेऊन टाकायची. "कौन किसका, पता ही नहीं चलना चाहिए. काम तर इथेच पूर्ण होतं, काका."

भय्यासाहेब एकदम उभे राहिले. "एकत्र? आमच्या वडिलांना बाकीच्यांत मिसळणार?"

"काका, ये पत्थर है!"

"आता पत्थर नाही राहिला. नाव लिहिलं, फुलं वाहिली, नमस्कार केले. आता असं केरासारखं झाडून कसं चालेल?"

आणि सगळ्यांना पटलं! बेबीताई तर घरून तांब्याचा गडू आणि लाल कापड घेऊनच आल्या होत्या. आपापल्या घरच्यांनी आपापलं माणूस गोळा केलं. नव्या झाडूनं, कुणी हातानं. पलीकडच्यांची थोडीशी भुकटी आपल्यात आली म्हणून दोन घरांत बाचाबाचीही झाली. सोवळ्यात करायचं का, गुरुजींना बोलवायचं का, अशी चर्चा. एकानं हळूच विचारलं, "याचं सुतक तर नाही ना लागत?" भाऊराव स्वतः जिवंत, पण तेही आपली पुडी बांधून घेऊन गेले! चिन्मयी आधी हसत होती. मग भिंतीला टेकून खाली बसली आणि रडायलाच लागली. कुणाला कळलं नाही काय झालं. भय्यासाहेब म्हणाले, थकली आहे पोरगी.

मी माठाजवळ गेले. काहीच नव्हतं. सकाळीच फिनाइलनं पुसून घेतलं होतं, चहा सांडला होता म्हणून. फरशी स्वच्छ.

हे आप्पांची पितळी डबी दोन्ही हातांनी धरून बाहेर आले. स्कूटरवर ती माझ्या मांडीवर दिली. "घट्ट धर," म्हणाले. गतिरोधक आला की स्कूटर अगदी हळू करत होते. घरी देवाजवळ ठेवली.

"उद्या ग्वारीघाटला नदीत सोडून येतो," म्हणाले.

"मी पण येते. मीराला कुठे सोडलं ती जागा दाखवा मला."

नोव्हेंबरात स्मशानात बायका गेल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी हे एकटेच अस्थी आणायला गेले होते. उन्हं चढल्यावर परत आले, केस ओले. मी विचारलं, झालं सगळं? मान हलवली. मी वरण-भात वाढला होता.

आज हे आत जाऊन पडले.

३० जानेवारी

सकाळी मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. हे बूट घालायला बसले आणि एकच बूट घालून तसेच राहिले.

"हेमलता."

नावानं हाक मारत नाहीत कधी. मी वर पाहिलं.

"अस्थी मी आणल्याच नाही."

मला समजलंच नाही आधी. कोणाच्या?

"त्या दिवशी गेलो होतो. फाटकापर्यंत गेलो. तिथे ठेल्यावर चहा घेतला. आणि सांगू का – इतकं हलकं वाटून राहिलं होतं मला. साठ वर्षांत पहिल्यांदा. आता कोणी विचारणार नाही, घरी कोण कोण असतं. आत गेलोच नाही. नळाखाली डोकं भिजवलं आणि आलो."

"मग?"

"दोन वेळा फोन आला तिथून. ले जाइए, म्हणून. नंबर पाहून उचलला नाही. मग लाज वाटली. मग वाटलं आता इतक्या उशिरा कोणत्या तोंडानं जाऊ. मग राहूनच गेलं."

शेंगा सोलत राहिले मी. हात थांबले असते तर काय केलं असतं, माहीत नाही.

"आप्पांच्या तर प्रयागला नेल्या होत्या तुम्ही," एवढंच म्हणाले. "रिझर्वेशन नव्हतं. उभ्यानं गेला होता."

"हो."

"ह्या पण मिळतील अजून?"

"माहीत नाही. ठेवतात म्हणे काही महिने. मग जे लावारिस असतात ते सगळे एकदम—"

तो शब्द त्यांनी उच्चारला आणि तिथेच थांबले. रडतील असं वाटलं. रडले नाहीत. दुसरा बूट घातला, डबी घेतली. दारातून विचारलं, "तू येते?"

"नाही."

आप्पांना सोडून आले. दुपारी जेवले. मी वाढलं. काहून वाढलं मी?

३१ जानेवारी, शुक्रवार

एकटीच गेले. ऑटोवाल्यानं फाटकाशी दोनदा विचारलं, अंदर जाना है आपको?

ऑफिसमधला माणूस चांगला होता. मागच्या खोलीत लोखंडी फळ्या आहेत, त्यावर कापडी पिशव्या, प्रत्येकीला चिठ्ठी. शोधायला वेळ लागला. सापडली. सगळ्यात खालच्या फळीवर.

"घर से कोई मर्द नहीं आया?"

"नहीं."

"कौन लगती थीं आपकी?"

ननद म्हणायला तोंड उघडलं. "बेटी," म्हणाले.

त्यानं चिठ्ठी वाचली. मीरा, उम्र ६१. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं. मग उठून उभा राहिला आणि पिशवी दोन्ही हातांनी दिली.